बियाला ठेवून

मागच्या जूनमध्ये कर्जतजवळ भरलेल्या एका निसर्गशिबिरात मुलांशी बोलायला मला बोलावलं होतं. शहरातल्या एका शाळेची सहावी-सातवीची चाळीसेक मुलं होती. पाऊस लागून आठ दिवस झाले होते आणि डोंगराच्या पायथ्याशी कुजक्या पाचोळ्यातून शेवळं वर आली होती. एक खुडावं, मुलांसमोर उलगडावं, आत काय असतं ते दाखवावं म्हणून मी वाकले. सोबतच्या तरुण प्रशिक्षकाने मला थांबवलं. म्हणाला, "मॅडम, इथे पानसुद्धा तोडायचं नाही असा आमचा नियम आहे. मुलांनी फक्त बघायचं." तो मनापासून बोलत होता. मी हात मागे घेतला.

तेवढ्यात वरच्या अंगाला दोन बाया दिसल्या. कमरेला खोचलेल्या फडक्यात शेवळं खुडून टाकत त्या झपाझप पुढे सरकत होत्या. मुलांनीही पाहिलं. एका मुलाने विचारलं, "त्या तोडतायत. मग त्या चुकीचं करतायत का?"

प्रशिक्षक काही बोलला नाही. मी म्हटलं, "नाही, त्या भाजी खुडतायत." उत्तर खरं होतं, पण अपुरं होतं. त्या मुलाला पुरं उत्तर द्यायचं राहून गेलं, म्हणून हे लिहिते आहे.

मी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिक्षिका होते. १९९४ साली नोकरीला लागले, आणि त्यातली शेवटची चौदा वर्षं कर्जत तालुक्यात, भीमाशंकरच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी असलेल्या एका वाडीत काढली. दोनशिक्षकी शाळा, पहिली ते चौथी, पट तिसाच्या आसपास. मुलं बहुतेक ठाकर, थोडी कातकरी. मी वाढले घाटावर, ज्वारी-बाजरीच्या मुलखात. रानात उगवलेलं काही शिजवून खायचं तर दुष्काळातच, असं आमच्या घरी मानत. त्यामुळे तिथल्या पहिल्या जूनमध्ये तिसरीतली एक मुलगी मुठीत शेवळं घेऊन आली आणि "बाई, तुला भाजी" म्हणाली, तेव्हा मी विचारलं, हे काय? ठाकर मुलं बाईंनाही एकेरीतच हाक मारतात. त्यात मला पहिल्या दिवसापासून जवळीक वाटली.

तिने मला सगळं सांगितलं. आतला पिवळा भाग काढून टाकायचा, नाहीतर घसा खाजतो. सोबत काकडं घालायची, तीही रानातलीच आंबट फळं, त्याने खाज मारली जाते. दुसऱ्या दिवशी ती मला जागा दाखवायला घेऊन गेली. मी एक शेवळं ओढलं तर ते मुळातून हलायला लागलं. तिने माझं मनगट धरलं. "कांदा नको काढू बाई. फुडल्या साली काय खाशील?" मग तिने आजीचा नियम सांगितला: दोन खुडायची, एक बियाला ठेवायचं.

यामागचं शास्त्र मी नंतर वाचलं. शेवळ्याला आधी फूल येतं, पान मागून. आपण भाजी म्हणून खातो ते फूल. ते संपलं की जुलैमध्ये छत्रीसारखं एकच पान येतं, आणि ते पान पावसाळाभर कांद्यात अन्न साठवतं. हिवाळ्यात वर काहीच दिसत नाही. कांदा जमिनीत झोपलेला असतो, पुढच्या वळवाची वाट बघत. फूल खुडलं तरी कांदा जगतो. पण सगळीच फुलं खुडली तर फळांचं कणीस धरत नाही आणि नवं रोप येत नाही. आठ वर्षांच्या मुलीने एका वाक्यात सांगितलं ते पाठ्यपुस्तकातल्या 'शाश्वत विकास' या धड्याच्या गाभ्याशी आहे. फरक इतकाच की ते तिला खुडता खुडता कळलेलं होतं.

माझं सांगणं एवढंच आहे. मुलांना पर्यावरण शिकवायला उघड्यावर न्यायचं असेल, तर तिथे त्यांना घ्यायला शिकवा. किती घ्यायचं, केव्हा घ्यायचं, काय मागे ठेवायचं. फक्त बघायला शिकवलेलं मूल घरी परत येतं तेव्हा त्याचं आयुष्य पूर्वीसारखंच घेण्यावर चालतं: पाणी, वीज, कपडे, भाजी, मोबाइल. रानात त्याने एक पान तोडलं नाही, आणि घरी ते जे घेतं ते कुठून येतं याचा त्या न तोडलेल्या पानाशी त्याला काहीच संबंध लागत नाही. शहरातली शिबिरं वाईट नाहीत. चाळीस मुलांनी एकदम चाळीस शेवळं खुडली तर उतार उजाड होईल, म्हणून तो नियम आहे, हेही मला कळतं. पण मग चाळीस मुलांनी मिळून एक खुडावं, आणि ते एकच का, यावर अर्धा तास बोलावं. तो अर्धा तास म्हणजेच धडा आहे.

आमच्या वाडीत आम्ही दर गुरुवारी दुपारच्या सुट्टीनंतर बाहेर जायचो. ही काही योजना नव्हती. परिसर अभ्यासाचा तास होता, तो मी बाहेर नेला, एवढंच. पहिली दोन वर्षं मी चूक करत होते. दर आठवड्याला नवी जागा: ओढा, देवाची राई, खाण, गुरांचा तळ. मुलं खूश असायची आणि पुढच्या गुरुवारी मागचं विसरलेली असायची. मग एकदा चौथीतल्या मुलांना मी चार काठ्या आणि सुतळी दिली आणि शाळेमागच्या उतारावर प्रत्येकाला एक मीटर बाय एक मीटरचा चौकोन आखायला सांगितला. हा तुझा. वर्षभर दर गुरुवारी इथे बसायचं आणि आत काय आहे ते वहीत लिहायचं. चित्र काढ, मोज, नावं लिही. नाव येत नसेल तर आजीला विचार.

एका मीटरच्या चौकोनात काय असतं? जूनच्या पहिल्या गुरुवारी मुलं म्हणाली, काही नाही, माती. जुलैत त्यांना लिहायला पान पुरेना. टाकळा, कुर्डू, तेरडा, गवताच्या चार जाती, गोगलगाय, मुंग्यांचं वारूळ, सागाची रोपं. एका मुलाच्या चौकोनात एक शेवळं होतं. त्याने त्याचं पान दर आठवड्याला वीत-बोटांनी मोजलं आणि ते पिवळं पडून कोसळलं तेव्हा लिहिलं, 'आता खाली गेलं.' त्या मुलाला वर्गात दोन ओळी शुद्ध लिहायला लावण्यासाठी मी महिनोन् महिने झगडत होते.

फेब्रुवारीत वणवा आला. आमच्याकडे तो दरवर्षी येतो. कुणी नवं गवत यावं म्हणून लावतं, कुणी शिकारीसाठी, कुणाची विडी पडते. त्या वर्षी उताराचा वरचा भाग जळला. सात मुलांचे चौकोन त्यात गेले, काठ्यांसकट. मुलं रडली. मी त्यांना त्याच जागी पुन्हा काठ्या रोवायला लावल्या. पुढच्या जूनमध्ये जळलेल्या चौकोनांत गवत हिरवंगार आलं, न जळलेल्यांपेक्षा दाटच. पण सागाची, ऐनाची, करवंदीची रोपं खालच्या चौकोनांत जशी होती तशी वरच्या सातांत जवळपास नव्हतीच. मी काही बोलले नाही. मुलांनी वह्या शेजारी ठेवल्या आणि आकडे पाहिले. एकाने घरी जाऊन बापाला दाखवले. बाप मला भेटायला आला, म्हणाला, "बाई, गवत तर चांगलं आलं ना?" मी म्हटलं, आलं. झाडं? तो बराच वेळ वही बघत बसला. वणवे पुढेही आले. पण त्यानंतर शाळेमागचा उतार पेटला की विझवायला मुलांबरोबर तोही यायचा.

पाण्याचा हिशोब मला स्वतःला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण तो गणिताच्या तासालाच करता येतो. प्लास्टिकच्या बाटलीचं वरचं तोंड कापून उलटं बसवलं की पर्जन्यमापक तयार होतो. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एक लिटर पाणी, हे सूत्र चौथीच्या मुलाला दहा मिनिटांत समजतं. आमच्या शाळेचं छप्पर दहा मीटर लांब आणि सहा मीटर रुंद. जुलैतल्या एका दिवशी बाटलीत १०० मिलिमीटर पाणी भरलं. म्हणजे छपरावरून त्या एका दिवसात ६,००० लिटर पाणी वाहून ओढ्याला गेलं. हंडा पंधरा लिटरचा धरला तर ४०० हंडे. बाया एका खेपेला दोन हंडे आणतात. एक मुलगी हिशोब पुरा करून म्हणाली, "आईच्या दोनशे खेपा." ती वर्गात कुणाकडे न बघता बोलली. एप्रिलमध्ये तिची आई पहाटे चारला उठून दीड किलोमीटरवरच्या विहिरीवर जायची. आमच्या तालुक्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि मार्च उजाडला की वाड्यांना टँकर लागतात. हे वाक्य मी अनेक वर्षं वर्तमानपत्रात वाचत होते. दोनशे खेपांचं वाक्य मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

सर्वांत अवघड धडा वलगणीचा होता. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: पहिला मोठा पाऊस झाला, ओढ्यांना लोंढा आला की नदीतले मासे अंडी घालायला प्रवाहाच्या उलट चढतात, ओढ्यांत आणि भातखाचरांत येतात. ते पकडायला सारी वाडी रात्री बाहेर पडते. विजेऱ्या, जाळी, टोपल्या, हाती येईल ते. लहान मुलांसाठी वर्षातली सर्वांत आनंदाची रात्र असते. दुसऱ्या दिवशी प्रत्येक घरी गाभोळीचं कालवण असतं. मीही ते खाल्लं आहे. फार चवदार असतं.

मासा अंडी घालायच्या आधीच पकडला जातो, ही गोष्ट वाडीतल्या कुणालाच नवी नव्हती. पण मोजलेली नव्हती. एका वर्षी मी मुलांना एवढंच सांगितलं की रात्री घरी जे मासे येतील त्यांची संख्या लिहा, आणि पोटात गाभोळी किती जणांच्या निघाली तेही आईला विचारून लिहा. सकाळी वर्गात बेरीज केली. मोजलेल्या दर पाच माशांतल्या चारांच्या पोटात अंडी होती. वर्गात शांतता पसरली. मग वाद सुरू झाला, आणि तो मी थांबवला नाही. एक म्हणाला, मग वलगण बंद करायची. दुसरा म्हणाला, तू बंद कर, आमच्या घरी आज पहिल्यांदा पोटभर कालवण झालं. दोघंही खरं बोलत होते. नऊ वर्षांच्या मुलांचा तो वाद मला आजही आठवतो. त्यात कुणी पाठ केलेलं बोलत नव्हतं.

पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत, झेंडावंदनानंतर, दोन मुलांनी तो तक्ता वाचून दाखवला. मुलांनी वडीलधाऱ्यांना शिकवावं असा माझा हेतू नव्हता. तसं केलं असतं तर लोक रागावले असते, आणि त्यांचं बरोबरच असतं. मुलांनी फक्त आकडे सांगितले. एक म्हातारे बाबा उठले आणि म्हणाले, पूर्वी सुताची मोठ्या भोकांची जाळी असायची, बारीक मासा निसटायचा. आता मच्छरदाण्या लावतात, त्यातून पाणीसुद्धा धड निघत नाही. चर्चा तासभर चालली. शेवटी वाडीने ठरवलं की दोनपैकी एका ओढ्यात वलगण धरायची आणि दुसरा बियाला ठेवायचा. शब्द त्यांचाच होता. दोन पावसाळे तो नियम टिकला. तिसऱ्या वर्षी बाहेरची माणसं बॅटरीचा करंट घेऊन रात्री त्या दुसऱ्या ओढ्यात उतरली आणि नियम मोडला. पुढच्या वर्षी वाडीतल्या चार पोरांनी तिथे पहारा दिला. त्यातला एक माझ्या पहिल्या चौकोनवाल्या तुकडीतला होता.

या सगळ्यावर पहिली हरकत कुणी अधिकाऱ्याने घेतली नाही. एका कातकरी आईने घेतली. ती म्हणाली, "बाई, रानात तर तो जन्मल्यापासून आहे. शाळेत पाठवते ते रानातून बाहेर पडायला. त्याला लिहायला शिकवा." मला यावर आजही थांबून विचार करावा लागतो. शहरातला पालक मुलाला रानात पाठवायला पैसे मोजतो, आणि या बाईने रानातून मुलाला बाहेर काढायला आयुष्य मोजलं आहे. तिला 'तुमचं पारंपरिक ज्ञान थोर आहे' असं सांगणं हा तिचा अपमान झाला असता. मी तिला त्याची वही दाखवली. त्याच्या हातची चौदा पानं होती. ती अडाणी होती, पण पानं तिने मोजली. मग म्हणाली, हे सगळं त्याने लिहिलं? गुरुवारी रानात जायला तिने पुन्हा कधी अडवलं नाही. तिची अट मात्र मी पक्की लक्षात ठेवली: बाहेर नेलेल्या प्रत्येक तासातून मुलाने काहीतरी लिहून, मोजून, मांडून आणलं पाहिजे. नाहीतर ती नुसती भटकंती आहे, आणि भटकायला त्याला शाळेची गरज नाही.

त्याच मुलाबद्दल आणखी एक. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. मुलं सोबत जातात. त्याने जाताना वही मागितली. मी म्हटलं, तिथे चौकोन नाही तुझा. तो म्हणाला, करीन. जूनमध्ये वही घेऊन आला. बहुतेक पानं कोरी होती, भट्टीवर मुलांनाही काम असतं. एका पानावर लिहिलं होतं: 'इथं शेत खणून विटा करतात. शेत माझ्या कमरेइतकं खाली गेलं.' मातीचा वरचा थर तयार व्हायला शेकडो वर्षं लागतात, हे मी वर्गात कधी शिकवलं नव्हतं. त्याने ते खड्ड्यात उभं राहून पाहिलं होतं.

सापांचं विचारतात सगळे. घोणस, फुरसं, मण्यार, नाग, चारही आमच्याकडे आहेत. मुलांचे नियम साधे होते: काठी आपटत चालायचं, बिळात आणि दगडाखाली हात घालायचा नाही, ढग गडगडले की लगेच परत. माझ्या चौदा वर्षांत गुरुवारी कुणाला साप चावला नाही. तालुक्याच्या दवाखान्यात सर्पदंशावरचं प्रतिविष आहे की नाही, याची मात्र मी दर जूनमध्ये स्वतः जाऊन खात्री करायची.

हे काही मी शोधून काढलेलं नाही. १९९३ साली डी.एड.ला असताना आमची सहल कोसबाडला गेली होती. अनुताई वाघ आदल्याच वर्षी, सप्टेंबर १९९२ मध्ये वारल्या होत्या. ताराबाई मोडक आणि अनुताईंनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. वारली मुलं गुरं राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, हे पाहिल्यावर त्यांनी गुरं चरतात तिथेच शाळा नेली. तिचं नाव कुरणशाळा. मुलाला गुरांपासून तोडून वर्गात आणण्याऐवजी बाईच कुरणात गेली. त्याहीआधी, १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी नई तालीम मांडली, तिचाही पाया हाताचं काम आणि भोवतालचा परिसर हाच होता. उघड्यावरची शाळा ही परदेशातून आणलेली नवी कल्पना आहे असं हल्ली माहितीपत्रकांत वाचते, तेव्हा मला या दोन बायकांची आठवण होते. त्यांनी ती आपल्या सर्वांत गरीब मुलांसाठी काढली होती. आज ती ज्यांना परवडते त्यांच्यासाठी उरली आहे.

कागदावर सगळं आहे. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच पर्यावरण हा विषय शिक्षणात सक्तीचा करायला सांगितलं, २००३ मध्ये पुन्हा बजावलं. अकरावी-बारावीला पर्यावरणाची प्रकल्पवही असते. ती बाजारात तयार विकत मिळते, आणि मुलं ती विकत घेतात, कारण तपासणाऱ्याला हवी असते ती वही, मुलाने काय पाहिलं ते नाही. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक गावाची लोक जैवविविधता नोंदवही करायची होती. हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ची मुदत घातली तेव्हा धावपळ सुरू झाली. आमच्या भागात जी एक नोंदवही मी पाहिली तिच्यात शेवळं नव्हतं. माझ्या चौथीच्या मुलांच्या वह्यांत ते सत्तावीस ठिकाणी होतं. गावाची नोंदवही आणि शाळेच्या वह्या एकाच टेबलावर का येऊ नयेत?

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवले आहेत. आपल्या राज्यात २०२४ पासून आनंददायी शनिवारही आला. या दहा दिवसांत मुलांना बसमध्ये घालून दहा ठिकाणी फिरवलं जातं आहे, असं मी आजूबाजूला पाहते. माझी मागणी साधी आहे. जून ते मार्च, महिने दहा आणि दिवसही दहा. दर महिन्याला एक दिवस, वर्षभर त्याच एका जागी जा. ओढा असेल, टेकडी असेल, शेत असेल. पुण्या-मुंबईतल्या शाळेला नाला असेल किंवा मैदानाच्या कडेची वडाची रांग. जूनमध्ये पाहिलेली जागा मुलाने एप्रिलआधी दहादा पाहिली पाहिजे. एकदाच पाहिलेली जागा सुंदर असते. दहादा पाहिलेल्या जागेत काय कमी झालं ते कळतं, आणि ते कळल्यावाचून राखायचं काय हे मुलाला कसं कळणार? शहरातल्या मुलांनीही घ्यावं: शाळेच्या आवारातला टाकळा खुडावा, स्वयंपाकघरात शिजवावा, खावा. छपरावरचं पाणी मोजावं आणि शाळेच्या मीटरशी ताडून बघावं. वर्षाच्या शेवटी तो हिशोब पालकसभेत वाचावा. हिवरे बाजारला पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत वाचला जातो आणि त्यावर कोणती पिकं घ्यायची ते ठरतं. मेंढा-लेखाचे लोक आधी अभ्यासगटात बसून शिकतात, मग ग्रामसभेत निर्णय घेतात. मोजणं, मांडणं आणि त्यावरून ठरवणं, हे मोठी माणसं करतात ते मुलांना लहानपणी का करू देऊ नये?

शिक्षकांना मात्र यासाठी मोकळीक हवी. फोटो काढून ॲपवर टाका, अहवाल भरा, स्थानदर्शक लावा, असं म्हटलं की गुरुवार संपलाच. मला माझे गुरुवार मिळाले कारण आमच्या वाडीत मोबाइलला रेंज नव्हती आणि केंद्रप्रमुख समंजस होते. सगळ्यांना असं नशीब लाभत नाही.

आणि आता शेवटचं, जे मला सर्वांत जास्त टोचतं. २०२३ पासून वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा करण्याचा विचार सरकारी पातळीवर चालू आहे. तिथे चांगली इमारत असेल, संगणक असतील, पुरेसे शिक्षक असतील. या गोष्टी आमच्या मुलांना हव्यात, आणि त्या मिळाव्यात म्हणून मी तीस वर्षं भांडले. पण वाडीतलं मूल सकाळी गाडीत बसून बारा किलोमीटरवर गेलं की त्याच्या शाळेमागे त्याचा उतार नसतो. त्याच्या ओढ्याचा आकडा ऐकायला त्याची ग्रामसभा नसते. खुडता खुडता 'कांदा नको काढू' असं बाईंना सांगायला त्याच्याकडे जागाच राहत नाही. मग त्याच मुलांसाठी आपण उद्या पर्यावरण शाळा नावाची वेगळी इमारत बांधू आणि तिथे त्यांना सहलीला नेऊ.

शिक्षण खात्यातल्या ज्यांच्या हातात हे आहे त्यांना माझी विनंती आहे. फाइलीवर सही करण्याआधी पहिल्या पावसानंतरच्या आठवड्यात अशा एका शाळेत या. उतारावर मुलांबरोबर बसा आणि त्यांची वही वाचा. मला बोलावलंत तर मीही येईन.

आमच्या वाडीच्या शाळेचा पट यंदा अकरा आहे. चौकोन अजून आखतात.